लंबगोल हिऱ्याची अंगठी: आनंद श्रावकापासून आपल्या साखरपुड्यापर्यंत



उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. वाणिज्यग्रामचा गृहस्थ. चार कोटी सोन्याच्या मोहरा जमिनीत पुरलेल्या, चार कोटी व्याजाने फिरणाऱ्या, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजार गायींचे चार कळप. भगवान महावीरांपुढे तो बारा व्रतं घेतो, तेव्हा सातव्या व्रतात एकेका वस्तूची मर्यादा सांगत जातो. दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, अंगाला शतपाक-सहस्रपाक तेल, असं करत करत तो दागिन्यांपाशी येतो. तिथे दोनच गोष्टी ठेवतो: कानातली कुंडलं आणि स्वतःचं नाव कोरलेली अंगठी.

बारा कोटींचा धनी आणि बोटात अंगठी एक. व्याख्यानात हे कितीदा ऐकलं असेल, पण गेल्या काही वर्षांत साखरपुड्यांना जाऊन आल्यावर मला ती नाममुद्रा जास्तच आठवते. कारण आता आपल्याकडे अंगठीवर नाव नसतं. तिला आकडा असतो. "किती कॅरेटची?" हा प्रश्न मंडपात नवऱ्या मुलीच्या शिक्षणाआधी विचारला जातो.

पाटस, वरवंड, केडगाव, दौंड या आपल्या पट्ट्यात आधीची रीत वेगळी होती. साखरपुडा म्हणजे खरोखर साखरेचा पुडा, नारळ, ओटी, एक साडी, कपाळाला टिळा. आपल्या मारवाडी घरांत सगाईला रुपया-नारळ आणि गोड तोंड. अंगठी असली तर सोन्याचं साधं वेढणं, तेही सासूने आपल्या बोटातलं काढून घातलेलं. दोघांनी स्टेजवर उभं राहून एकमेकांच्या बोटात अंगठ्या घालायच्या, वरून फुलं उडवायची आणि फोटोवाल्याने "परत एकदा, हळू" म्हणायचं, हे आपल्या आयांनी पाहिलेलं नाही. त्यात आता हिरा आला, आणि हिऱ्यातही मुली मोबाइलवर दाखवतात तो लंबगोल, म्हणजे ओव्हल. मुलीची हौस आहे, मला त्यात वावगं वाटत नाही. पण या हौसेसाठी ऊसबिलाची वाट पाहणारी, आईच्या पाटल्यांवर कर्ज काढणारी घरं मला माहीत आहेत, आणि "रीतच आहे, करावंच लागतं" हे वाक्य त्या प्रत्येक घरात ऐकलंय. म्हणून ही रीत किती जुनी आहे ते एकदा पाहूया.

आपल्याकडे अंगठी म्हणजे मुद्रा, ओळखीची खूण. रामाची मुद्रिका घेऊन हनुमान सीतेकडे गेला तो ओळख पटवायला. दुष्यंताने शकुंतलेला दिली तीही नावाचीच. जुन्या मराठीत अंगठीला मुदी म्हणत, आणि मारवाडीतली मूंदडीही त्याच मुद्रेची लेक. हिऱ्याचा आणि लग्न ठरण्याचा संबंध जोडला तो युरोपातल्या राजघराण्यांनी. 1477 साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, हे उदाहरण सगळे देतात. पण ती राजांची गोष्ट. सामान्य माणसाच्या बोटात हिरा यायला हिरे भरपूर सापडावे लागले, आणि ते सापडले दक्षिण आफ्रिकेत. 1867 च्या सुमारास ऑरेंज नदीकाठी पहिला खडा मिळाला, 1871 मध्ये किम्बर्लीची खाण सुरू झाली, आणि 1888 मध्ये सेसिल ऱ्होड्सने खाणी एकत्र करून डी बिअर्स कंपनी केली. आता अडचण उलटी झाली. हिरे एवढे निघू लागले की भाव टिकवायला गिऱ्हाईक तयार करणं भाग पडलं.

मग 1938 मध्ये डी बिअर्सने अमेरिकेतली एन. डब्ल्यू. आयर ही जाहिरात कंपनी गाठली. 1947 साली तिथल्या फ्रान्सेस गेरेटी या बाईंनी चार शब्दांचं वाक्य लिहिलं, जे पुढे आपल्या टीव्हीवर "हीरा है सदा के लिए" म्हणून आलं. (गेरेटीबाईंनी स्वतः कधी लग्न केलं नाही.) अंगठीला किती खर्च करावा, हेही जाहिरातींनीच ठरवलं. आधी एका महिन्याचा पगार, 1980 च्या दशकात अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन महिन्यांचा. जपानचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. 1967 मध्ये तिथे शंभरातल्या पाचेक नवऱ्या मुलींना हिऱ्याची अंगठी मिळायची. 1981 पर्यंत हे प्रमाण साठच्या घरात गेलं. चौदा वर्षांत एका देशाची "रीत" तयार झाली. आपल्याकडे तर ती अजून घडतेच आहे. तेव्हा पाटसच्या कुणी आजीबाईंनी "आमच्यात हिरा लागतोच" असं सांगितलं, तर त्यांना प्रेमाने विचारावं, तुमच्या साखरपुड्यात होता का?

हिरा मात्र अस्सल आपल्या मातीतला. 1720 च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगातला जवळजवळ प्रत्येक हिरा भारतातून जायचा. गोवळकोंड्याचं नाव झालं ते बाजारामुळे, खाणी कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. त्यातली सर्वांत गाजलेली कोल्लूरची. ती जागा आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्यात आहे. उजनीत गेलेली गावं पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहीर या खाणींवर आला होता. त्याने लिहून ठेवलंय की व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुलं गावातल्या झाडाखाली वजनकाटा घेऊन बसायची, आलेला खडा हातोहात पारखून विकत घ्यायची आणि संध्याकाळी नफा वाटून घ्यायची. मोठ्यांचे सौदे तोंडाने होत नसत. फडक्याखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरायचा. आपल्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालतात ना, तसंच अगदी.

आता बजेटची गोष्ट, आणि तीही जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या किमतींचं कोष्टक दिलं आहे. वीस तांदूळ वजनाच्या उत्तम हिऱ्याची एक किंमत धरली, तर दहा तांदूळ वजनाच्या हिऱ्याची किंमत निम्मी होत नाही, पाचव्या हिश्शावर येते. ताव्हेर्निएने 1676 च्या पुस्तकात हाच हिशोब वर्गाने मांडला: वजन दुप्पट तर किंमत चौपट. आजचे दर या सूत्राने तंतोतंत चालत नाहीत, पण दिशा तीच आहे. वजन एक पाऊल चढतं तेव्हा किंमत दोन पावलं चढते. म्हणून "थोडा मोठा घेऊ" हे दुकानातलं सर्वांत महागडं वाक्य आहे.

आणि या विद्येत आपल्या समाजातलं एक नाव आहे, जे मुलींना सांगायलाच हवं. ठक्कुर फेरू. श्रीमाळ जैन, दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी. सुलतानाच्या खजिन्यातली रत्नं प्रत्यक्ष पाहिलेल्या या माणसाने 1315 मध्ये 'रत्नपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला, पंडितांच्या संस्कृतात नव्हे तर प्राकृतात, आपल्या मुलासाठी. म्हणजे बापाने लेकाला दुकानात बसण्याआधी दिलेली शिदोरीच. विसाव्या शतकात पालनपुरी जैन कुटुंबं मुंबईत आणि मग अँटवर्पला हिऱ्यांच्या धंद्यात मोठी झाली, त्यामागे ही अशी शतकांची पारख आहे. इतकी की अँटवर्पजवळ आज संगमरवरी जिनालय उभं आहे.

आता आकाराकडे येते. हिरा कापायचा म्हणजे वजन आणि तेज यांतलं एक गमवायचं. आपले जुने जवाहीर वजन राखत. निसर्गाने दिलेला आठ बाजूंचा स्फटिक त्यांना सर्वांत शुभ वाटायचा, आणि पैलू पाडले तरी ते डाग झाकण्यापुरते. युरोपीय कारागीर तेजामागे लागले. या ओढाताणीत सापडलेला एक हिरा आपल्याच मुलखातला आहे. नाशिकचा हिरा, जगात 'नासक डायमंड' म्हणून ओळखतात तो. त्र्यंबकेश्वरच्या शिवमंदिरातला हा हिरा 1818 च्या लढाईत दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांकडे गेला. त्या सालच्या पहिल्या तारखेची लढाई शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला झाली, हे आपल्याला माहीतच आहे. लंडनला पोचला तेव्हा तो नव्वद कॅरेटच्या आसपास होता. तिथे त्याची मूळची तिकोनी ठेवण सांभाळून पैलू पाडले, ऐंशीवर आला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला चौकोनी पैलूंत कापला, आणि उरला 43.38 कॅरेट. तेजासाठी निम्म्याहून जास्त हिरा चुऱ्यात गेला.

कोहिनूरचीही तीच कथा. 1849 मध्ये कोवळ्या दुलीपसिंगाकडून तो घेतला, लंडनच्या प्रदर्शनात मांडला, तर लोक म्हणाले, हा चमकत का नाही? मग 1852 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमहून कारागीर आणून 38 दिवस घासला. 186 कॅरेटचा 105.6 झाला. आणि त्याचा आकार कोणता केला? लंबगोल! मुली ज्या आकाराला न्यूयॉर्कची फॅशन समजतात, त्या आकारातला जगातला सर्वांत प्रसिद्ध हिरा कृष्णाकाठच्या मातीतला आहे.

आज दुकानात दिसतो तो लंबगोल पैलूंचा नमुना मात्र लझार कॅप्लन या अमेरिकेतल्या कारागिराने 1957 मध्ये बसवला. गोल हिऱ्याचं सगळं तेज लांबट खड्यात आणायचं, ही त्याची खटपट. यात बचत कुठे, तर कच्चा हिरा बऱ्याचदा लांबटच असतो. त्यातून गोल काढायचा तर दोन्ही टोकं वाया जातात, लंबगोलात त्यातलं बरंच वाचतं. म्हणून त्याच वजनाचा, त्याच प्रतीचा लंबगोल बहुधा गोलापेक्षा स्वस्त पडतो. शिवाय एक कॅरेटचा गोल साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, लंबगोल जवळपास आठ मिलिमीटर लांब. बोटावर तो मोठा वाटतो आणि बोटही सडपातळ दिसतं. पोळ्या लाटून लाटून आपली बोटं काही मॉडेलसारखी राहिलेली नसतात, तेव्हा हा फायदा काही कमी नाही.

यंदा माझ्या पुतणीची अंगठी घ्यायची होती तेव्हा आम्ही आधी घरात बसून आकडा ठरवला. तिच्या आईला तो कमी वाटत होता. "व्याही काय म्हणतील" हे तिचं म्हणणं. पुतणीनेच उलट विचारलं, "काकी, ते पगार विचारतील की अंगठी?" आकडा कागदावर लिहिला, त्यात सोनं, खडा, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी सगळं धरलं, आणि मगच पुण्याला गेलो. परिग्रह परिमाण याहून वेगळं काय असतं? आनंद श्रावकाने बाजारात जाऊन मर्यादा ठरवली नव्हती, मर्यादा ठरवून मग तो घरी गेला होता.

दुकानात काय पाहावं ते सांगते. लंबगोल हिऱ्याच्या पोटात बहुधा एक काळी सावली असते, डमरूच्या आकाराची. थोडी असणारच. पण हात हलवला तरी ती गडद राहिली, तर खडा कितीही वजनाचा असो, सोडून द्यावा. ही सावली प्रमाणपत्रावरच्या आकड्यांत कळत नाही, म्हणून हिरा दुकानातल्या झगझगीत दिव्याखालून उचलून दारापाशी, उजेडात न्यायचा. सराफ हसतो, हसू द्यावं. लांबी-रुंदीचं प्रमाण दीडच्या आत-बाहेर, म्हणजे 1.35 ते 1.5 असलं की आकार डोळ्याला गोड दिसतो. त्याहून लांब गेला की काकडीच्या बीसारखा वाटतो. पूर्ण अर्धा किंवा पूर्ण एक कॅरेट मागू नये. पन्नास सेंटऐवजी पंचेचाळीस, शंभरऐवजी नव्वद सेंट मागावा. डोळ्याला फरक कळत नाही, पण गोल आकड्यापाशी भाव उडी मारतो. रंगात अगदी पांढरा डी-ई घ्यायचा आग्रह पिवळ्या सोन्यात वाया जातो. एच, आय, क्वचित जेसुद्धा पिवळ्या सोन्यात छान दिसतो, फक्त लंबगोलाच्या दोन टोकांना पिवळेपणा जास्त जमतो तेवढं बघावं. शुद्धतेत नुसत्या डोळ्यांना डाग दिसला नाही की पुरे. भिंगातून आपली अंगठी कोण बघणार आहे? सोनं 18 कॅरेट किंवा 14 कॅरेट, हॉलमार्क आणि एचयूआयडी क्रमांक असलेलं.

राहिला प्रश्न खाणीतला हिरा की प्रयोगशाळेतला. याबद्दल स्थानकात चर्चा झाली की आवाज चढतात. काही जणी लॅबच्या हिऱ्याला खोटा म्हणतात. तो खोटा नाही. अमेरिकन डायमंड म्हणून आपण वर्षानुवर्षं कानात घातला तो हिराच नव्हता, वेगळाच पदार्थ. लॅबमधला मात्र कार्बनचाच स्फटिक, खऱ्या हिऱ्याचे सगळे गुण असलेला. 1954 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉलने तो बनवला. आज सुरतेत ढिगाने होतो. 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा दिला तो असाच.

आपल्या दृष्टीने यात एक प्रश्न आणखी आहे. जीवविचारात पृथ्वीकायाच्या यादीत स्फटिक, मणी, रत्न, प्रवाळ येतात. हातात आलेला खडा अचित्त झालेला असतो हे खरं, पण तो हातात यावा म्हणून जमीन फोडावी लागते, आणि पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म आहेच. लॅबच्या हिऱ्याला खाण लागत नाही. पण भट्टी लागते, आठवडे-आठवडे वीज लागते, आणि ती वीज बहुधा कोळशाची, म्हणजे फिरून खाणच. त्यामुळे "लॅबचा म्हणजे अहिंसक" असं कुणी दुकानदार छातीठोक सांगायला लागला, तर मला ते पटत नाही. दोन्हींत हिंसा आहे, कमी-जास्त. माझा कल लॅबकडे आहे तो मुख्यतः यासाठी की त्याच्यापायी कुणाचं घर गहाण पडत नाही. मात्र त्याला ठेव समजू नये. भाव वर्षागणिक पडले आहेत आणि परत विकायला गेलं तर हातात सोन्याचेच पैसे येतात. खाणीतल्या छोट्या हिऱ्यालाही तसा परतावा फार मिळत नाही, हे सराफ आधी सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की. लॅबचा घेतला तर बिलावर तसं लिहून घ्यायचं, आणि व्याह्यांनाही तसंच सांगायचं. प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण म्हणतो, त्यातला तत्प्रतिरूपक व्यवहार म्हणजे हेच: एक दाखवून दुसरं देणं. तो फक्त दुकानदाराला लागू नाही, साखरपुड्यात मिरवणाऱ्यालाही आहे. आमच्याकडे पुतणीने पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं. मुलाच्या आईने दोन मिनिटं काही बोललं नाही, मग म्हणाल्या, "बरं झालं, आमच्याकडूनही तशीच घेऊ."

आरसेमहालात भरत चक्रवर्तींच्या बोटातून अंगठी गळून पडली, उघडं बोट निस्तेज दिसलं आणि त्यांना केवळज्ञान झालं, ही कथा पुतणीच्या आजीने त्या दिवशी काढली. मुलं हसली. आजी म्हणाल्या, "हसू नका, घट्ट बसेल अशी घ्या, म्हणजे तुम्हाला एवढ्यात वैराग्य यायला नको."

त्या घट्टपणाचंही सांगून ठेवते. बोटाचं माप संध्याकाळी द्यावं, सकाळी बोट बारीक असतं, आणि उन्हाळ्यात सैल माप घेऊ नये. लंबगोल खड्याची दोन्ही टोकं कशालातरी अडकतात, म्हणून चारऐवजी सहा आकड्यांनी धरलेला आणि बोटालगत बसवलेला घ्यावा. उंच कोंदण फोटोत छान दिसतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यात कणीक जाऊन बसते, आणि ती टाचणीने काढताना आकडा वाकतो. पुतणीने आतल्या बाजूला दोघांची नावं कोरून घेतली आहेत, देवनागरीत. त्याचे सराफाने वेगळे पैसे लावले नाहीत.